टँगोला दिवाणखान्यात आणणारा व्हर्नन कॅसल

जानेवारी १९१४ मध्ये रोमच्या कार्डिनल व्हिकरने पत्रक काढून श्रद्धाळू कॅथलिकांना टँगो नृत्यापासून दूर राहण्यास बजावले. त्याच्या काही आठवडे आधी जर्मनीचा सम्राट कैसर दुसरा विल्हेल्म याने गणवेशातील अधिकाऱ्यांना हे नृत्य करण्यास मनाई केली होती. नेमक्या याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये, रिट्झ-कार्लटन हॉटेलच्या समोरील एका इमारतीत, शहरातील खानदानी घराण्यांच्या स्त्रिया आपल्या मुलींना दुपारच्या चहाबरोबर तोच टँगो शिकायला पाठवीत होत्या. हा चमत्कार घडवून आणणारा माणूस अर्जेंटिनाचा नव्हता. तो होता २६ वर्षांचा, काडीसारखा शिडशिडीत, शिक्षणाने इंजिनिअर आणि पेशाने विनोदी नट असलेला एक इंग्रज. त्याचे नाव व्हर्नन कॅसल.

पत्नी आयरीनसह त्याने जेमतेम तीन-चार वर्षे अमेरिकेला नाचवले. परक्या पुरुषाच्या हातात हात देऊन चारचौघांत नाचणारी स्त्री घरंदाज असू शकते काय, हा त्या काळी खराखुरा आणि बोचरा प्रश्न होता. कॅसल दांपत्याने त्याला शिष्टाचाराच्या नियमांनी उत्तर दिले. ते उत्तर किती पुरे पडले, हे त्यांच्याच आयुष्यात पाहावयास मिळते.

बदनाम नाच

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रिओ दे ला प्लाता नदीच्या दोन्ही तीरांवर, म्हणजे अर्जेंटिनातील ब्यूनस आयर्स आणि उरुग्वेतील माँटेव्हिडिओ या बंदरांत, टँगो आकाराला आला. इटली आणि स्पेनमधून पोट भरण्यासाठी आलेले निर्वासितवजा मजूर, आफ्रिकी वंशाचे रहिवासी आणि खेड्यांतून शहरात आलेले गुराखी यांच्या गाण्या-बजावण्याची त्यात सरमिसळ होती. गरिबांच्या चाळींची अंगणे, बंदरालगतचे गुत्ते आणि वेश्यावस्ती ही त्याची पहिली रंगस्थळे. साहजिकच तेथील श्रीमंतांनी त्याला दाराबाहेर ठेवले. पुढे त्याच श्रीमंतांच्या मुलांनी पॅरिसला जाऊन तो मिरवला आणि १९१२-१३ पर्यंत पॅरिस टँगोने वेडावून गेले.

युगुलाने एकमेकांना धरून नाचणे युरोपला वॉल्ट्झमुळे परिचित होते. टँगोची गोष्ट वेगळी होती. त्यात पावलांचा ठरलेला क्रम नसतो. पुढचे पाऊल पुरुष त्या क्षणी ठरवतो आणि स्त्री ते त्याच्या शरीराच्या कलावरून ओळखते. मध्येच दोघे थबकतात, श्वासापुरते थांबतात आणि पुन्हा निघतात. पाहणाऱ्याला ही जवळीक प्रणयाची वाटे. नाचणाऱ्यांना मात्र त्यासाठी समोरच्या माणसाकडे संपूर्ण लक्ष द्यावे लागे. धर्मगुरूंना आणि राजांना खुपले ते बाहेरून दिसणारे चित्र.

नॉर्विच ते पॅरिस

व्हर्ननचा जन्म २ मे १८८७ रोजी इंग्लंडमधील नॉर्विच येथे झाला. मूळ नाव विल्यम व्हर्नन ब्लाइथ. बर्मिंगहॅममध्ये त्याने स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. पण नट असलेल्या बहिणीबरोबर आणि मेहुण्याबरोबर १९०६ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला आणि तेथेच रमला. बहीण ब्लाइथ नावाने ओळखली जात असल्याने त्याने कॅसल हे आडनाव घेतले. ल्यू फील्ड्स या नामवंत विनोदी नटाच्या नाटकांत तो लांबलचक हातापायांचा, धडपडणारा साहेब रंगवू लागला.

१९१० मध्ये न्यू रॉशेल येथील डॉक्टर ह्यूबर्ट फूट यांची मुलगी आयरीन हिच्याशी त्याची ओळख झाली. ती १७ वर्षांची, नाचाची विलक्षण हौस असलेली. २८ मे १९११ रोजी दोघांचा विवाह झाला. लवकरच एका संगीत कार्यक्रमाच्या निमित्ताने ते पॅरिसला गेले. सोबत आयरीनच्या माहेरचा कृष्णवर्णीय नोकर वॉल्टर होता. कार्यक्रम लांबत गेला, पैसे संपले आणि तिघांवर अर्धपोटी राहण्याची पाळी आली. अखेर १९१२ मध्ये कॅफे द पारी या प्रतिष्ठित उपाहारगृहात त्यांना नाचण्याचे काम मिळाले. जेवायला आलेल्या पाहुण्यांप्रमाणे ते टेबलावरून उठत आणि सहज नाचू लागत. रंगमंच नाही, भडक वेष नाही. एक तरुण नवरा आपल्या तरुण बायकोबरोबर आनंदाने नाचतो आहे, एवढेच. पॅरिस या साधेपणावर लुब्ध झाले आणि पॅरिसने या दोघांच्या पदरात टँगो टाकला.

या यशाचे मर्म येथेच दडलेले आहे. टँगो नाचणारे युगुल विवाहित आहे, हे प्रेक्षकांना ठाऊक होते. ज्या स्पर्शाची लोकांना धास्ती होती, त्याला लग्नाचे प्रशस्तिपत्र आधीच जोडलेले होते.

सभ्यतेची नियमावली

न्यूयॉर्कला परतल्यावर या जोडप्याचे भाग्य एलिझाबेथ मार्बरी या धोरणी नाट्यव्यवस्थापिकेने हाती घेतले. मार्बरीबाईंची धनाढ्य घराण्यांत ऊठबस होती. डिसेंबर १९१३ मध्ये पूर्व ४६ व्या रस्त्यावर कॅसल हाऊस सुरू झाले. येथे नृत्याचे धडे मिळत आणि प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्रिया यजमानीण म्हणून उपस्थित राहत. त्यांच्या देखरेखीखाली जे घडते ते गैर कसे असेल, असा हा बिनतोड युक्तिवाद होता.

१९१४ मध्ये दोघांच्या नावाने मॉडर्न डान्सिंग हे पुस्तक प्रसिद्ध झाले. वन-स्टेप आणि वॉल्ट्झच्या बरोबरीने अर्जेंटिनाचा टँगो आणि ब्राझीलचे माशीशे ही लॅटिन नृत्ये त्यात छायाचित्रांसह समजावून दिली होती. योग्य नृत्यासंबंधीच्या त्यांच्या छोट्या सूचना विशेष गाजल्या. खांदे घुसळू नयेत, कंबर हलवू नये, कोपरे उडवू नयेत, हात पंपासारखे वरखाली करू नयेत, उड्या मारण्याऐवजी सरकत चालावे, असे त्यांचे सांगणे. दोघांनी एकमेकांपासून मोकळेपणाने हलता येईल इतके अंतर ठेवावे. पुरुषाने स्त्रीच्या पाठीवर हात हलकेच, बोटांची टोके आणि मनगट एवढेच टेकवून ठेवावा. टर्की ट्रॉट, ग्रिझली बेअर, बनी हग अशी प्राण्यांच्या नावाची धसमुसळी नृत्ये तर साफ सोडून द्यावीत.

एप्रिल-मे १९१४ मध्ये त्यांनी खास आगगाडीने २८ दिवसांत ३२ शहरांचा झंझावाती दौरा केला. जेथे जात तेथे स्थानिक जोडप्यांच्या स्पर्धा होत. आयरीनने केस कापले तेव्हा असंख्य स्त्रियांनी कात्री हाती घेतली. तिचे सैल, मऊ, पायांना मोकळीक देणारे पोशाख पाहून घट्ट कॉर्सेटला रजा मिळू लागली. कॅसल दांपत्याने घालून दिलेल्या मर्यादांत राहून अमेरिकेतील स्त्रीला मोकळा श्वास घेता आला, ही त्यांची कमाई नाकारता येणार नाही.

तालाचे धनी

या साऱ्या नाचामागे ज्याचे संगीत होते, तो जेम्स रीज युरोप हा कृष्णवर्णीय वाद्यवृंदप्रमुख. कृष्णवर्णीय वादकांना संघटित करणारा क्लेफ क्लब त्याने १९१० मध्ये स्थापन केला होता आणि १९१२ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये कार्यक्रमही केला होता. व्हर्नन स्वतः हौशी ढोलवादक होता. युरोपच्या तालाची किंमत त्याला कळत होती. कॅसल हाऊसपासून दौऱ्यापर्यंत त्याने युरोपचाच वाद्यवृंद वापरला. डिसेंबर १९१३ मध्ये या वाद्यवृंदाने व्हिक्टर कंपनीसाठी ज्या ध्वनिमुद्रिका केल्या, त्यांत एल इर्रेसिस्तिब्ले हा टँगो आणि अमापा ही माशीशे यांचा समावेश होता. ब्यूनस आयर्सची चाल, हार्लेमचे वादक आणि नाचणारे न्यूयॉर्कचे गोरे धनिक, असा तो त्रिवेणी संगम होता.

मात्र ज्या शहरात गोरे या संगीतावर नाचत, तेथे त्या वादकांना त्याच जमिनीवर पाहुणे म्हणून पाऊल टाकता येत नसे. गोऱ्या वादकांच्या संघटनेने रंगमंचासमोरील जागेत कृष्णवर्णीयांबरोबर बसण्यास हरकत घेतली, तेव्हा व्हर्ननने युरोपच्या वादकांना थेट रंगमंचावर बसवले. ही त्याची दिलदारी खरी. पण शिष्टाचाराच्या पुस्तकात या भेदाला उत्तर नव्हते. टँगो सभ्य झाला, हे म्हणताना तो ज्यांच्या अंगणातून आला ते असभ्य होते, हे न बोलता मान्य केले गेले.

अंतर राखूनही न सुटलेला प्रश्न

सभ्यतेचा हा आग्रह कुठवर जाऊ शकतो, याचा मासला म्हणजे इनोव्हेशन हे नृत्य. यात टँगोच नाचायचा, पण एकमेकांना अजिबात स्पर्श न करता. कॅसल दांपत्याने ते धनिकांच्या मेजवानीत सादर केले आणि पुस्तकातही घातले. टीकाकारांची तोंडे बंद झाली, पण टँगोचा प्राणच निघून गेला. थोड्याच काळात त्याचा विसर पडला.

दुसरीकडे, नियम पाळूनही फसवणूक करता येते, हेही दिसू लागले. दुपारच्या टँगो-चहांना येणाऱ्या श्रीमंत स्त्रियांशी गोड बोलून नाचणाऱ्या आणि त्यांच्या पैशांवर डोळा ठेवणाऱ्या तरुणांना वृत्तपत्रे टँगोचे चाचे म्हणू लागली. त्यांचे खांदे घुसळत नव्हते की कोपरे उडत नव्हते. बोटांची टोके नियमाप्रमाणेच टेकलेली असत.

व्हर्ननच्या सूचना प्रामुख्याने पाहणाऱ्याच्या नजरेचा विचार करतात. नाचणाऱ्या दोघांमध्ये काय ठरते, हा प्रश्न त्या सोडवीत नाहीत. ब्यूनस आयर्सच्या नृत्यघरांनी, ज्यांना मिलोंगा म्हणतात, पुढच्या दशकांत या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. तेथील जुन्या रीतीनुसार पुरुष टेबलाजवळ जाऊन हात पुढे करीत नाही. दुरूनच नजर जुळवतो आणि मानेने किंचित खूण करतो. स्त्रीची इच्छा असेल तर ती मान डोलावते. नसेल तर नजर दुसरीकडे वळवते. नकार दिला गेला, पण अपमान कोणाचाच झाला नाही. तीन-चार गाण्यांचा एक गुच्छ, तांदा, संपला की मध्ये वेगळेच संगीत वाजते आणि पुरुष स्त्रीला तिच्या जागेपर्यंत पोचवतो. सगळी युगुले घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, एकमेकांना धक्का न देता. आलिंगन मात्र घट्ट असू शकते, कारण त्यापूर्वी होकार घेतलेला असतो. ज्या वस्तीला न्यूयॉर्कने रीतभात शिकवायला घेतली होती, तिने आपली रीतभात स्वतःच घडवली.

जमिनीवरची साथ, जमिनीबाहेरचा दुरावा

८ डिसेंबर १९१४ रोजी आयर्व्हिंग बर्लिनचे संगीत असलेले वॉच युवर स्टेप हे नाटक रंगमंचावर आले आणि कॅसल दांपत्य कीर्तीच्या शिखरावर पोचले. पण युरोपात महायुद्ध पेटले होते. आपले देशबांधव खंदकांत मरत असताना आपण नाचतो आहोत, ही बोच व्हर्ननला स्वस्थ बसू देईना. त्याने विमान चालविण्याचे शिक्षण घेतले आणि १९१६ मध्ये तो ब्रिटनच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाला. फ्रान्सच्या आघाडीवर त्याने सुमारे १५० उड्डाणे केली आणि फ्रान्सचे क्रॉइ द गेर हे शौर्यपदक मिळवले.

आयरीन चित्रपटांत काम करू लागली. जमिनीवर एकमेकांचे पुढचे पाऊल ओळखणारे हे दोघे घरात हळूहळू परके झाले. ज्या लग्नाच्या भरवशावर एका पिढीने टँगो स्वीकारला होता, ते लग्नच आतून विरत गेले होते.

पुढे व्हर्ननकडे कॅनडात आणि नंतर टेक्सासमध्ये नव्या वैमानिकांना शिकवण्याचे काम आले. अपघातात पुढच्या आसनावरील माणूस वाचणे अवघड, म्हणून शिक्षकानेच पुढे बसावे, असा त्याचा आग्रह होता. १५ फेब्रुवारी १९१८ रोजी बेनब्रूक येथे समोर आलेल्या दुसऱ्या विमानाशी टक्कर टाळण्यासाठी त्याने आपले विमान एकदम वर घेतले. ते डळमळून कोसळले. मागे बसलेला विद्यार्थी वाचला. पुढे बसलेला व्हर्नन वाचला नाही. तो अवघा ३० वर्षांचा होता. वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी, जेम्स रीज युरोपचाही बोस्टनमध्ये आपल्याच वाद्यवृंदातील एका वादकाच्या हल्ल्यात अंत झाला.

मागे काय उरले

आयरीन १९६९ पर्यंत जगली. १९३९ मध्ये फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स यांनी या जोडप्याच्या जीवनावरील चित्रपटात भूमिका केल्या, तेव्हा पॅरिसमध्ये उपाशीपोटी साथ देणाऱ्या कृष्णवर्णीय वॉल्टरच्या भूमिकेत गोरा नट घेतल्याबद्दल तिने नाराजी व्यक्त केली. तिचे म्हणणे मानले गेले नाही. सभ्यतेच्या दिवाणखान्यात शिरताना कोणाला दाराबाहेर ठेवले गेले, याची ती उशिरा झालेली आठवणच म्हणावी लागेल.

२००९ मध्ये युनेस्कोने टँगोला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले, तेही अर्जेंटिना आणि उरुग्वे यांचा वारसा म्हणून. धर्मगुरूंची मनाई आणि न्यूयॉर्कचे प्रशस्तिपत्र या दोन्हींची त्याला आता गरज उरलेली नाही. व्हर्नन कॅसलने सांगितलेले बोटांच्या टोकांचे अंतरही आज कोणी मोजत नाही. मात्र पुढच्या माणसाला धोका होऊ नये म्हणून आपण कोठे बसावे, याचा त्याने विमानात केलेला विचार हा कोणत्याही नृत्याच्या शिष्टाचाराचा गाभा आहे. पुस्तकात जे त्याला पूर्णपणे उतरवता आले नाही, ते त्याच्या अखेरच्या कृतीत उतरले.