मंगळवेढ्याची भिंत

वैशाख वद्य पंचमी आली की पंढरपुरात महाद्वारासमोरच्या चोखोबाच्या समाधीवर फुले पडतात, टाळ वाजतात, कीर्तनकार चोखोबाच्या भक्तीचे गोडवे गातात. आमच्या बुद्धविहारांत मात्र त्या दिवशी काही नसते. ते साहजिक आहे. १९५६ च्या दीक्षेनंतर आम्ही विठोबाला रामराम ठोकला आणि विठोबाबरोबर चोखोबाही मागे राहिला. आमच्या आजोबांच्या पिढीत घरोघरी चोखा, बंका अशी नावे होती. आज ती शोधून सापडायची नाहीत. चोखामेळा आमचा की वारकऱ्यांचा, असा प्रश्न आमचे शिकलेले तरुण विचारतात आणि बहुतेक वेळा स्वतःच उत्तर देतात की तो रडका संत होता, देवापुढे नाक घासत मेला, त्याच्याशी आमचा काय संबंध? या उत्तरात घाई आहे, असे आमचे प्रामाणिक मत आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या लोकांनी तरी ही घाई करू नये, कारण तो माणूस इथे, मंगळवेढ्यात, भिंतीखाली चिरडून मेला.

चोखोबाचे चरित्र सांगायला बसले की हाती लागते ती दंतकथा. त्याच्या जन्मसालाची नोंद नाही. गावाबाहेरच्या महारवाड्यात पोर जन्मले तर ते कोण लिहून ठेवणार? जन्मगाव कुणी बुलढाण्याकडचे मेहुणाराजा सांगतात, तर कुणी मंगळवेढाच म्हणतात. जन्माची कथा मात्र तयार आहे. गावचे आंबे डोक्यावर वाहून नेणाऱ्या महार जोडप्याकडे वाटेत एका ब्राह्मणाने आंबा मागितला, चोखून परत दिला आणि त्या चोखलेल्या आंब्याचे मूल झाले, तो चोखा. म्हणजे महाराच्या घरी एवढा गुणी मुलगा निपजला, तर तो महाराच्या रक्ताचा नसलाच पाहिजे! या कथेत नकळत एक खरी गोष्ट राहून गेली आहे. ते आंबे त्या जोडप्याचे नव्हते, ते वेठीने वाहायचे होते.

वेठ हेच चोखोबाच्या आयुष्याचे खरे सूत्र. मेलेली ढोरे ओढायची, वेशीवर राबायचे, बोलावणे आले की हातातला घास टाकून पळायचे आणि दारोदार उष्टे मागायचे. बायको सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, निर्मळेचा नवरा आणि सोयरेचा भाऊ बंका. हे सगळे घरच अभंग रचणारे होते. नामदेवांच्या संगतीत चोखोबा वारकरी झाला. त्याच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. ते अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने उतरवून घेतले, अशी परंपरा आहे. लेखणी महाराच्या हाती नव्हती. त्या अभंगांतून काय गळले आणि काय आत शिरले, हे सांगायला आज कुणी उरलेले नाही.

तरी जे उरले तेही काही कमी नाही. मागच्या जन्मीच्या पापाने हा जन्म आला, असे म्हणणारा चोखा त्यात आहे आणि तो आम्हाला पटत नाही. पण विटाळ नाही असे जगात काही दाखवा, असे विचारणारा चोखाही त्याच गाथेत आहे. सोयराबाई तर एक पाऊल पुढे जाते. जो विटाळ विटाळ म्हणून तुम्ही ओरडता त्यातूनच प्रत्येक देह तयार होतो, मग सोवळा कोण, हा प्रश्न चौदाव्या शतकातली एक महार बाई विचारते. आणि पोरगा कर्ममेळा! तो तर देवालाच फैलावर घेतो. आम्हाला असल्या जातीत घालून उष्ट्यावर जगवतोस आणि वर देव म्हणवतोस, तुला लाज कशी नाही, असा त्याचा सूर आहे. कीर्तनात कर्ममेळा फारसा ऐकू येत नाही. का येत नाही, हे वाचकांना सांगायला नको.

आता दंतकथांकडे वळू. सोयरा बाळंत होणार होती, चोखा घरी नव्हता, तेव्हा विठोबा निर्मळेचे रूप घेऊन बाळंतपण करायला आला. चोखा ढोर ओढायला गेला तेव्हा विठोबाने दुसऱ्या बाजूने हात लावला. पुजाऱ्याने चोख्याच्या तोंडात मारली तर गाल विठोबाचा सुजला. रात्री देवाने त्याला हाताला धरून देवळात नेले, सकाळी देवाच्या गळ्यातला हार त्याच्यापाशी सापडला, मग त्याला बैलांना बांधून ओढायची शिक्षा झाली आणि बैल जागचे हललेच नाहीत. या कथा ऐकताना आमच्या आज्यांच्या डोळ्यांना पाणी यायचे. त्या पाण्याला आम्ही हसणार नाही. ज्या बाईच्या बाळंतपणाला गावातली सुईणही हात लावत नव्हती, तिने देव सुईण होऊन आला अशी कल्पना केली, तर तिची गरज कळते. पण प्रत्येक कथेत देव काय करत नाही, तेही पाहावे. तो ढोर ओढू लागतो, ढोर ओढण्याची सक्ती मोडत नाही. तो स्वतःचा गाल सुजवून घेतो, मारणाऱ्याचा हात धरत नाही. देवळात नेतो तेही रात्री, चोरून. सकाळ झाली की चोखा पुन्हा बाहेर!

याच मंगळवेढ्यात पुढे पंधराव्या शतकातल्या दुष्काळात दामाजीपंतांनी बादशाही कोठारे रयतेला खुली केली. तेव्हा विठोबा विठू महार होऊन बिदरला पैसे भरून आला, अशी कथा आहे. दामाजीपंत ब्राह्मण होते, अधिकारी होते. त्यांच्यावर प्रसंग आला तेव्हा देवाने महाराचे रूप घेतले, कारण बिदरपर्यंत ओझे वाहून नेण्याचे काम महाराचेच. देवालाही निरोप्या व्हायचे तर आधी महार व्हावे लागते, इतकी ही व्यवस्था लोकांच्या डोक्यात पक्की बसली होती.

कथा कोण सांगतो आणि कशासाठी सांगतो, यावर सगळे ठरते. याच काळातले परमुलखातले एक उदाहरण घेऊ. स्कॉटलंड देशात विल्यम वॉलेस नावाचा लढवय्या होता. १२९७ मध्ये स्टर्लिंगच्या पुलावर त्याने इंग्रज फौजेचा धुव्वा उडवला आणि १३०५ मध्ये इंग्रजांनी त्याला लंडनला नेऊन हालहाल करून मारले. चोखोबाच्या मृत्यूआधी केवळ ३३ वर्षे. वॉलेसविषयीची समकालीन कागदपत्रे थोडीच आहेत. पण त्यानंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी आंधळा हॅरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका शाहिराने लोकांच्या तोंडच्या कथा गोळा करून वॉलेसवर मोठे काव्य रचले. इतिहासकारांनी त्यात असंख्य चुका दाखवल्या आहेत. तरी ते काव्य घरोघरी गेले. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला रॉबर्ट बर्न्स लहानपणी ती गोष्ट वाचून पेटून उठला आणि पुढे त्या देशाचा मोठा कवी झाला. १८६९ मध्ये स्टर्लिंगला वॉलेसचे उंच स्मारक पुरे झाले. १९९५ मधला ब्रेव्हहार्ट चित्रपट याच कथेवर उभा आहे. त्यातही चुका आहेत. पण त्या लोकांनी दंतकथा सांगताना आपल्या माणसाच्या हातात तलवार ठेवली आणि त्याला कुणी मारले हे लपवले नाही.

आमच्याकडे काय झाले? चोखोबाची कथा महाराष्ट्राच्या घराघरांत नेली ती महिपतींच्या भक्तविजयाने. तो ग्रंथ १७६२ चा. म्हणजे चोखोबाच्या मृत्यूला तेव्हा ४२४ वर्षे होऊन गेली होती. महिपती ताहराबादचे, पेशाने कुलकर्णी. माणूस भाविक होता, मनाने कोमल होता, चोखोबाविषयी त्यांनी आदरानेच लिहिले. पण गावगाड्यात कुलकर्ण्याचे दफ्तर कुठे आणि महाराची काठी कुठे! वेठीची व्यवस्था ज्या दफ्तरातून चालते, त्या दफ्तराशेजारी बसून लिहिताना वेठ अन्याय म्हणून डोळ्यांत खुपत नाही, ती ऊनपावसासारखी वाटते. म्हणून चोखोबाचे दुःख त्या कथेत आले, दुःख देणारा आला नाही.

हे सर्वांत स्वच्छ दिसते ते त्याच्या मरणात. सोलापूरहून बेगमपूरला भीमा ओलांडून पुढे गेले की मंगळवेढ्याची काळी रानं लागतात. ज्वारीचे कोठार म्हणून हा मुलूख प्रसिद्ध आहे. या गावाच्या कुसाच्या भिंतीचे काम निघाले. कामाला महार बोलावले गेले, त्यात चोखोबा होता. तोवर तो संत म्हणून ओळखला जात होता, नामदेवांसारखा मोठा माणूस त्याला आपला म्हणत होता. तरी वेठ चुकली नाही. शके १२६०, म्हणजे १३३८ मध्ये, वैशाख वद्य पंचमीला काम चालू असताना ती भिंत कोसळली आणि माणसे ढिगाऱ्याखाली गाडली गेली.

कथा सांगते की पुढे नामदेव मंगळवेढ्याला गेले. तोवर हाडेच उरली होती. चोखोबाची हाडे ओळखायची कशी? तर ज्या हाडांतून विठ्ठलनामाचा आवाज येईल ती चोखोबाची. नामदेवांनी एकेक हाड कानाला लावले, ती हाडे वेचून पंढरपूरला नेली आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. नामदेवांच्या मैत्रीबद्दल आम्हाला आदर आहे. शिंप्याच्या घरातल्या त्या संताने महाराची हाडे उचलली, त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.

पण हाडे उरेपर्यंत तो ढिगारा कुणी उपसला का नाही? माणसे गाडली गेली त्या दिवशी गावाने धावून जायला नको होते काय? एखाद्या पाटलाचा किंवा सावकाराचा मुलगा त्या भिंतीखाली असता तर हाडांची वाट पाहिली असती काय? भिंत कुणाच्या हुकमाने चालली होती, मजुरी होती की नुसती भाकरी होती, किती माणसे मेली, यातले काहीही कथेत नाही. हाडे गात होती एवढेच आहे. सातशे वर्षांजवळ येत चाललेल्या या कथेत ऐकणाऱ्याचे सगळे लक्ष त्या गाणाऱ्या हाडांकडे वळवले आहे आणि भिंत सुटून गेली आहे.

समाधी झाली तीही देवळाबाहेर. देवळाचे दार अस्पृश्यांना उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, त्यासाठी साने गुरुजींना पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले. चोखोबाच्या मरणापासून हिशेब केला तर ६०९ वर्षे!

बाबासाहेबांनी या प्रश्नाकडे कसे पाहिले, हे घाईने चोखोबाला हाकलणाऱ्यांनी जरूर पाहावे. त्यांच्या आधीच्या पिढीला चोखोबाचा मोठा आधार होता. किसन फागूजी बनसोडे यांनी नागपुरात १९०७ मध्ये मुलींसाठी शाळा काढली ती चोखामेळ्याच्या नावाने. १९२८ च्या सुमारास त्र्यंबकला चोखोबाचे मंदिर बांधण्याचा विचार पुढे आला तेव्हा बाबासाहेबांनी तो मोडीत काढला. अस्पृश्यता नाहीशी करणे हेच त्याचे स्मारक, अशी त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडले. ज्या वेठीने चोखोबाला भिंतीखाली नेले, तिच्यावरच तो घाव होता. जातिसंहाराच्या वादात त्यांनी गांधीजींना उत्तर देताना संतांची मर्यादा परखडपणे दाखवली. देवापुढे सगळे समान म्हणणे वेगळे आणि माणसामाणसांतली जात मोडणे वेगळे, हे त्यांनी सांगितले. तरीही १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारा ग्रंथ लिहिला, तेव्हा तो त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. भक्तीचा मार्ग नाकारला, माणूस नाकारला नाही.

गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली आणि पुढे ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. जिथे वारकरी पथारी टाकायचे तिथे मुले शिकायला राहावीत, हा त्यामागचा हेतू. सोलापूरला याचे नवल वाटायचे कारण नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेचे वसतिगृह जानेवारी १९२५ मध्ये याच शहरात उघडले होते. वेठीला जाणाऱ्या बापांची पोरे तिथे राहून हायस्कुलात जाऊ लागली. महारकीचे वतन कायद्याने गेले ते १९५८ च्या कायद्याने. त्या वेळी बाबासाहेब हयात नव्हते.

आमच्या मुलांना चोखोबा सांगायचा तर आम्ही असा सांगू. हाडांच्या गोष्टीपासून सुरुवात करणार नाही, भिंतीपासून करू. सोयरेचा प्रश्न सांगू, कर्ममेळ्याचा राग सांगू. आणि एखाद्या पोराने विचारलेच की ज्यांच्या हाडांतून आवाज आला नाही त्यांचे काय झाले, तर खरे ते सांगू. त्यांना न्यायला पंढरपूरहून कुणी आले नाही. ती माणसे मंगळवेढ्याच्या मातीतच राहिली आणि त्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत.