शून्याची खूण ठेवणारे भास्कराचार्य

मी शिरूरचा, माझा पार्टनर दौंडचा. सुट्टीत दोघांनी मिनी प्रोजेक्टसाठी होकायंत्राचं अ‍ॅप लिहिलं. शिरूरला माझ्या मोबाईलवर झकास चाललं. मग दौंडला काकांच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या, मोबाईलवर टाकलं, तर उघडताच बंद! आपलाच मोबाईल स्वस्तातला, असं म्हणत काका बिचारे ओशाळले. रात्री कारण सापडलं. त्या मोबाईलमध्ये चुंबकीय सेन्सरच नव्हता. आम्ही सेन्सर मागितला, अँड्रॉइडने ‘नल’ म्हणजे ‘काहीच नाही’ असं उत्तर दिलं, आणि आमचा कोड त्या ‘काहीच नाही’लाच दिशा विचारत होता. चूक आमची, लाजले काका. तेव्हा मला भास्कराचार्य आठवले.

त्यांचा जन्म शके 1036 चा, म्हणजे इ.स. 1114. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या 36 व्या वर्षी, 1150 मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. त्या वयात आपण बहुधा फ्लॅटचे हप्ते भरत असू!

शून्याचे नियम ब्रह्मगुप्तांनी 628 मध्येच मांडले होते. शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असं त्यांचं मत. भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटलं. तिच्यात काही मिळवा किंवा वजा करा, ती बदलत नाही, ती अनंत आहे, असं त्यांनी मांडलं. शून्याने गुणलेल्या राशीवर पुढची क्रिया बाकी असेल, तर घाईने शून्य न लिहिता खूण ठेवावी, हेही लीलावतीत शिकवलं. आजचं गणित यातलं सगळंच मानत नाही. शून्य आणि नल एकही नव्हेत. शून्य ही निदान संख्या तरी आहे. पण अडचणीची राशी दिसली की तिला नाव द्यायचं, ती नजरेआड होऊ द्यायची नाही, ही शिस्त मला फार आवडते.

लीलावती ही त्यांची मुलगी, अशी एक दंतकथा आहे. फैजीने 1587 मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात ती येते. लग्नाचा मुहूर्त दाखवणाऱ्या घटिकापात्रात मोती पडला, भोक बुजलं, पाणी आत येईना, आणि मुहूर्त टळला. खरीखोटी कशीही असो, यंत्रावर डोळे मिटून विसंबलं की काय होतं, ते ती सांगते.

‘करणकुतूहल’ त्यांनी 1183 मध्ये, 69 व्या वर्षी लिहिलं. पुढे नातू चांगदेवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. त्याचा 1207 चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे.

गोलाध्यायात अनेक यंत्रांचं वर्णन करून शेवटी बुद्धी हेच श्रेष्ठ यंत्र, असं ते सुचवतात. आम्ही ते यंत्र उशिरा चालू केलं. आता आमचा कोड आधी सेन्सर आहे का ते तपासतो. नसेल तर तसं स्पष्ट सांगतो आणि नुसता नकाशा दाखवतो. शेवटचं ठिकाण मागितल्यावरही नल येऊ शकतो, म्हणून तिथेही तपासणी टाकली.

पुढच्या खेपेला दौंडला गेलो. काकांच्या मोबाईलवर अ‍ॅप उघडलं आणि उघडंच राहिलं. काका खूष. मित्रांनो, सबमिशनच्या आधी आपला प्रोजेक्ट एकदा रूममधल्या सगळ्यात स्वस्त मोबाईलवर चालवून बघा!