एकशे एकतीस आठवड्यांचा माणूस

दिग्दर्शकाचं नाव बघून सिनेमाला जायची पद्धत आपल्याकडे तशी नव्हतीच. बायका जयश्री गडकरचा सिनेमा म्हणत, पुरुष चंद्रकांत-सूर्यकांतचा. पडद्यावर शेवटी जे नाव झळकायचं, ते बहुतेक वेळा लोक खुर्चीवर नीट बसायच्या आतच निघून जाई. अनंत माने हे नाव असंच कितीतरी घरांच्या डोळ्यांसमोरून साठेक वेळा निघून गेलं. कारण त्यांनी चित्रपटच साठच्या आसपास केले. इतके मराठी चित्रपट करणारे दिग्दर्शक बोटांवर मोजण्याइतकेही सापडायचे नाहीत.

माने मूळचे कोल्हापूरचे. जन्म १९१५ चा. त्यांची शाळा म्हणजे ‘प्रभात’. तिथे ते संकलनाच्या खात्यात शिकले. संकलकाचं काम म्हणजे शिंप्याचं काम. दुसऱ्यांनी आणलेलं कापड बेतायचं, नको ते कापायचं आणि शिवण दिसू द्यायची नाही. मला नेहमी वाटतं, मान्यांच्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीची किल्ली इथे आहे. मराठी निर्मात्याचा खिसा केवढासा! त्याला नेमकं किती कापड लागेल हे आधीच ठाऊक असलेला दिग्दर्शक हवा असतो. माने तसे होते. म्हणून तर वर्षामागून वर्षं त्यांच्या हाताला काम राहिलं.

१९५९ मध्ये ‘सांगत्ये ऐका’ आला आणि सगळं बदललं. संवाद व्यंकटेश माडगूळकरांचे, गाणी ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत पवारांचं. एका पाटलानं केलेला अत्याचार आणि त्याची कथा भर फडात, गावासमोर, तमाशाच्या बोर्डावरून सांगितली जाणं हा त्याचा गाभा. पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात हा चित्रपट एकशे एकतीस आठवडे चालला, म्हणजे अडीच वर्षं! घोळक्यात नाचणारी जयश्री गडकर या चित्रपटानं घराघरांत पोचली. हंसा वाडकरांनी पुढे आत्मचरित्र लिहिलं तेव्हा त्याला या चित्रपटाचंच नाव दिलं आणि त्यावरून श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये ‘भूमिका’ केला.

आमच्याकडे मात्र या चित्रपटावरून घरात भांडण झालं होतं. पैठणला नाथषष्ठीच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. मध्ये कनात लावून एका बाजूला बायका आणि दुसऱ्या बाजूला पुरुष. माझी आत्या शेजारणींबरोबर तो बघून आली आणि वडिलांनी दोन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. तमाशा बघायला चांगल्या घरच्या बायका जात नाहीत, एवढंच त्यांचं म्हणणं. आत्या बधली नाही. तिचं म्हणणं असं की त्यात तमाशा आहे खरा, पण तो एका बाईवरच्या अन्यायाचा न्याय मागणारा आहे, आणि तो आपण बायकांनी नाही बघायचा तर कोणी बघायचा? मी तेव्हा लहान होतो. आज वाटतं, मान्यांवर लिहिल्या गेलेल्या कितीतरी परीक्षणांपेक्षा आत्याला तो चित्रपट जास्त कळला होता. ज्या बायकांना फडाच्या आसपास फिरकता येत नव्हतं, त्यांना मान्यांनी फड दाखवला. आणि फडातल्या बाईलाही घर, अब्रू, लेकरू असतं हे दाखवलं.

मान्यांवरचा मोठा आरोप असा की त्यांनी मराठी सिनेमाला तमाशाच्या दावणीला बांधलं. यात थोडं तथ्य आहे. ‘सांगत्ये ऐका’च्या यशानंतर पाटील, फेटा, ढोलकी यांचा पूर आला, आणि त्यात ‘सवाल माझा ऐका’, ‘केला इशारा जाता जाता’ अशी भर खुद्द मान्यांनीही घातली. पण दावण त्यांनी रोवलेली नाही. ‘लोकशाहीर रामजोशी’ आणि ‘जय मल्हार’ ही दोन्ही १९४७ चीच. शिवाय आरोप करणारे एक विसरतात. याच माणसानं १९६० मध्ये ‘अवघाची संसार’ केला, १९६१ मध्ये महादेवशास्त्री जोशींच्या कथेवरचा ‘मानिनी’ केला. ‘मानिनी’त बहिणाबाईंच्या कविता आहेत. शेजारच्या खानदेशातल्या, अक्षरओळख नसलेल्या त्या माउलीचे शब्द कित्येक घरांत पुस्तकाआधी या चित्रपटातून पोचले.

वसंत पवार १९६५ मध्ये अकाली गेले. जोडी फुटली की दिग्दर्शक थंडावतात. माने थांबले नाहीत, राम कदमांना घेऊन पुढे गेले. १९६८ च्या ‘एक गाव बारा भानगडी’त शंकर पाटलांचा खट्याळ गाव आला. १९७८ च्या ‘सुशीला’त रंजना आली. ‘सुशीला’ मला फारसा आवडत नाही, थोडा भडक वाटतो. पण रंजनाचं काम विसरता येत नाही, आणि नटीकडून काम काढून घेण्याची त्यांची हातोटी वीस वर्षांनंतरही शाबूत होती हे मान्य करावंच लागतं. साठातले सगळेच चित्रपट चांगले नाहीत. काही तर नुसती पाट्या टाकण्याची कामं आहेत. रोजचा स्वयंपाक करणाऱ्या बाईची भाजी एखाद्या दिवशी खारट व्हायचीच.

पुढे घरोघरी टीव्ही आले आणि दूरदर्शनवर जुने मराठी चित्रपट लागू लागले. आमच्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, गल्लीतल्या ज्या घरी टीव्ही होता तिथे सतरंजी अंथरून सगळी गल्ली बसायची. ‘मानिनी’ लागला त्या संध्याकाळी वडील पहिल्यांदा सगळ्यांबरोबर शेवटपर्यंत बसले. आत्या त्यांच्या शेजारीच होती. ती काहीच बोलली नाही, फक्त मध्ये एकदा त्यांच्यासमोर चहाचा कप सरकवला.

अनंत माने ९ मे १९९५ रोजी गेले. ऐंशीला जेमतेम चार-पाच महिने कमी होते.