डॉ. इरावती कर्वे

घरात बाळ जन्माला आले, की त्याचे नाक कोणावर गेले, ते उंचीने वडिलांसारखे होईल की आईसारखे, अशी चर्चा सुरू होते. नागपूरच्या धरमपेठेत काय किंवा पुण्याच्या सदाशिव पेठेत काय, ही चर्चा सारखीच रंगते. मात्र शरीराच्या ठेवणीवरून माणसाची योग्यता ठरवता येते काय, हा प्रश्न फार गंभीर आहे. त्याचा शोध घेणाऱ्या विदुषी म्हणजे डॉ. इरावती कर्वे.

त्यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. तेथील इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवण्यात आले. वयाच्या सातव्या वर्षी त्या शिक्षणासाठी पुण्याच्या हुजूरपागेत दाखल झाल्या. पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

१९२८ साली त्या बर्लिनला गेल्या. तेथील मानवी आनुवंशिकतेच्या संशोधनसंस्थेत ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. युरोपीय लोकांच्या कवटीची ठेवण इतरांहून निराळी असते व तिचा त्यांच्या बौद्धिक श्रेष्ठत्वाशी संबंध आहे, असा फिशर यांचा तर्क होता. तो पडताळून पाहण्याचे काम इरावतीबाईंकडे आले. देश परका, भाषा परकी आणि गुरूची अपेक्षा तर उघड दिसत होती. तरीही इरावतीबाईंनी निरनिराळ्या खंडांतील लोकांच्या कवट्या काटेकोरपणे मोजल्या. कवटीच्या दोन बाजूंतील फरकाचा वंशाशी काही संबंध नाही, असे त्यांना आढळले. आणि जे आढळले तेच त्यांनी निर्भयपणे प्रबंधात लिहिले. पुढे वंशश्रेष्ठत्वाच्या याच कल्पनेपायी नाझी राजवटीत लाखो निरपराध माणसांचे बळी गेले.

स्वदेशी परतल्यावर १९३९ पासून त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संशोधन केले. महाराष्ट्रात हिंडून त्यांनी निरनिराळ्या समाजांतील लोकांच्या शरीरांची मोजमापे घेतली. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या पोटजातीदेखील शरीरदृष्ट्या परस्परांहून भिन्न असू शकतात, असे त्यांना दिसून आले.

आज आपणांस ठाऊक आहे, की मुलाची उंची माता व पिता या दोघांकडून आलेल्या हजारो सूक्ष्म आनुवंशिक भेदांवर अवलंबून असते. बालपणीचा सकस आहार व निरोगी शरीर यांचाही तिच्यावर परिणाम होतो. म्हणूनच एकाच आईची दोन लेकरे उंचीने सारखी नसतात.

‘युगान्त’ या त्यांच्या ग्रंथास १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले. आईबापांकडून आपणांस उंची, वर्ण, नाक-डोळे मिळतात; परंतु मोठेपणा ज्याचा त्यालाच मिळवावा लागतो, हेच त्यांचे जीवन आपणांस शिकविते.