खरी कॉर्नरवरचा कॅमेरा खरा आहे का?

क्लासला जाताना, मिसळ खायला जाताना किंवा नुसतं गाडीवर भटकताना तुम्ही खरी कॉर्नरवरून शेकडो वेळा गेला असाल. तिथला कॅमेऱ्याचा स्तंभ कधी थांबून नीट बघितलाय? बहुतेकांचं उत्तर 'नाही' असणार. माझंही तेच होतं.

तो कॅमेरा म्हणजे प्रतिकृती. आपल्या भाषेत सांगायचं तर रेप्लिका. रेप्लिका म्हटलं की आपल्याला मित्राच्या रूमवरचा लाइटसेबर आठवतो. एक गंमत माहितीये? 1977 च्या 'स्टार वॉर्स'मध्ये ल्यूकच्या हातात जी तलवार आहे, तिची मूठ मुळात 'ग्राफ्लेक्स' या जुन्या प्रेस कॅमेऱ्याच्या फ्लॅशची दांडी होती. त्यामुळे जगभरचे संग्राहक आजही क्लॅम्प, बटण आणि कंपनीचा शिक्का बघून अस्सल कोणती आणि नक्कल कोणती ते ठरवतात. वस्तू कशापासून बनली हे कळलं, की तिची ओळख पटते.

तिकडे कॅमेऱ्याच्या सुट्या भागातून तलवार झाली. आपल्या कोल्हापुरात त्याच्या साठ वर्षं आधी एक माणूस प्रोजेक्टर समजून घेऊन कॅमेरा बनवायला बसला होता. बाबूराव पेंटर.

त्यांचं मूळ आडनाव मेस्त्री. जन्म 3 जून 1890, कोल्हापूर. चित्रकला आणि शिल्पकला ते आपली आपणच शिकले. आतेभाऊ-मामेभाऊ, चुलतभाऊ मिळून धंदा करतात ना, तसे बाबूराव आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. 1910 नंतरच्या काळात या दोघांच्या पडद्यांचं मोठं नाव होतं. नावापुढे 'पेंटर' लागलं ते त्यातूनच.

मग 1913 मध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि दोघांच्या डोक्यात सिनेमा शिरला. पण कॅमेरा आणायचा कुठून? परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता. त्यांनी मुंबईहून जुना प्रोजेक्टर आणला आणि त्याचा अभ्यास सुरू केला.

यातली अक्कल समजून घ्या. प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही तशी भावंडंच. दोन्हीत फिल्मच्या कडेच्या भोकांत दाते अडकतात, फिल्म एक चौकट पुढे सरकते, क्षणभर स्थिर थांबते, पुन्हा सरकते. सरकताना शटर उजेड अडवतं. एक यंत्र चित्र टिपतं, दुसरं ते दाखवतं. हा खटका एकदा कळला, की उलटा प्रवास शक्य होता. शक्य, पण सोपा नाही. भोकांचं माप केसभर चुकलं तरी पडद्यावर चित्र थरथरणार.

आणि मध्येच 1916 मध्ये आनंदराव गेले. इथे गोष्ट संपली असती. पण बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांना बरोबर घेऊन काम रेटलं आणि 1918 पर्यंत कॅमेरा चालू करून दाखवला. तानीबाई कागलकरांनी पैसा उभा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी सुरू झाली.

1920 मध्ये 'सैरंध्री' आला. त्यातलं कीचकवधाचं दृश्य लोकांना इतकं खरं वाटलं, की सेन्सॉरने त्याला कात्री लावली. एका बनावट मुंडक्याची ही ताकद! लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. पुढे 'सिंहगड'मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. रंगवलेल्या पडद्यांऐवजी भरीव सेट उभे केले. स्वतः पडदे रंगवून नाव कमावलेल्या माणसाने पडदेच बाजूला सारले, हे लक्षात घ्या. 1925 च्या 'सावकारी पाश'मध्ये त्यांनी कर्जात बुडालेला शेतकरी दाखवला. त्यात तरुण शेतकरी झालेले व्ही. शांताराम त्यांच्याच कंपनीत घडले. 1929 मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल बाहेर पडले आणि 'प्रभात' उभी राहिली. बाबूरावांची कंपनी त्यानंतर फार टिकली नाही. 16 जानेवारी 1954 ला ते गेले.

आता कडू भाग. 'सैरंध्री' आज तुम्हाला कुठेच बघता येणार नाही. बाबूरावांच्या मूकपटांपैकी अगदी थोडे तुकडे उरलेत. त्या काळची नायट्रेट फिल्म भुरकन पेटायची, नाहीतर पडून पडून कुजायची. आणि वस्तू? शूटिंग संपलं की मुकुट मोडायचा, सेटचं लाकूड दुसऱ्या सेटला. जपून ठेवावं असं कुणाला वाटलंच नाही. 'कल्याण खजिना'चं 1924 चं पोस्टर टिकलं, म्हणून त्यांचा ब्रश कसा चालायचा ते आज आपल्याला दिसतं. 2024 च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आपण बघितलंय. एका रात्रीत काय जातं, हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको.

म्हणून प्रतिकृतीला हसू नका. मूळ वस्तू हातात नसते तेव्हा आठवण धरून ठेवायला तीच उरते. फक्त तिच्यावर 'प्रतिकृती' असं लिहिलेलं हवं, नाहीतर पन्नास वर्षांनी तीच अस्सल म्हणून खपेल.

कोल्हापुरात कित्येक घरांतलं कुणी ना कुणी सिनेमाच्या लाइनीत होतं. तुमच्या माळ्यावर जुनी पत्र्याची तलवार, मुखवटा, कॅमेऱ्याचा भाग सापडला, तर आधी घासायला घेऊ नका. गंज आणि जुना रंग हाच त्याचा जन्मदाखला असतो. स्क्रू कसले आहेत, रंगाखाली दुसरा रंग आहे का, झीज हात लागतो तिथेच झालीय का, ते बघा. चारी बाजूंनी फोटो काढा. ऊन आणि पावसाळ्याची ओल, दोन्हींपासून लांब ठेवा. फिल्मचा डबा सापडला तर तो घरात ठेवून प्रयोग करू नका, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.

आणि सगळ्यात आधी आजोबांना विचारा, हे कुणाचं, कुठल्या सिनेमातलं? ते सांगतील ते तारखेसकट एका चिठ्ठीवर लिहा आणि वस्तूसोबत ठेवा. वस्तू नंतरही पुसता येईल. आजोबांना विचारायचं मात्र आजच.