बायोप्सी रिपोर्टमधील ‘मायटोसिस’ आणि डॉ. वाल्टर फ्लेमिंग

तुमच्या किंवा घरच्या कोणाच्या बायोप्सी रिपोर्टमध्ये ‘मायटोसिस’ हा शब्द असेल, तर तो वाल्टर फ्लेमिंग या जर्मन डॉक्टरांचा आहे. (पेनिसिलिनवाले अलेक्झांडर फ्लेमिंग वेगळे.)

त्यांचा जन्म 1843 चा, श्वेरीनजवळचा. वडील मनोविकारतज्ज्ञ. फ्रान्स-प्रशिया युद्धात लष्करी डॉक्टर म्हणून काम केल्यावर ते अध्यापनाकडे वळले आणि 1876 मध्ये कील विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक झाले.

एका पेशीपासून दुसरी पेशी तयार होते हे तेव्हा माहीत होते. पण कशी? केंद्रक मधोमध चिमटून त्याचे दोन तुकडे होतात, असे अनेकांना वाटे. फ्लेमिंग यांनी सॅलामँडर या बेडकाच्या दूरच्या नातलगाची पिल्ले निवडली, कारण त्याच्या पेशी चांगल्या मोठ्या असतात. ॲनिलीनचे रंग वापरल्यावर केंद्रकातील एक द्रव्य गडद दिसे. त्याला त्यांनी क्रोमॅटिन म्हटले. अडचण अशी, की रंगवलेली पेशी मेलेली असते. मग कोणती अवस्था आधीची आणि कोणती नंतरची? हे ठरवण्यासाठी त्यांनी जिवंत पेशीही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. मला त्यांचे हेच काम सर्वांत मोलाचे वाटते.

त्यांना दिसले ते असे: केंद्रकातील गुंत्याचे आखूड, जाड धागे होतात, प्रत्येक धागा लांबीत उभा दुभागतो आणि एकेक भाग पेशीच्या एकेका टोकाला जातो. धाग्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी या क्रियेला मायटोसिस म्हटले. 1882 मध्ये त्यांचे पुस्तक आले. धाग्यांना ‘क्रोमोसोम’, म्हणजे आपली गुणसूत्रे, हे नाव 1888 मध्ये वाल्डायर यांनी दिले. मेंडेल यांचे आनुवंशिकतेवरील काम तेव्हा दुर्लक्षित होते, त्यामुळे वाटणी इतकी काटेकोर का, याचा उलगडा व्हायचा होता. आपल्या 46 गुणसूत्रांची प्रत दोन्ही नव्या पेशींना मिळते, ती याच वाटणीतून. फ्लेमिंग 1905 मध्ये वारले.

आज पॅथॉलॉजिस्ट ठरावीक भागात विभागणाऱ्या पेशी मोजतात. संख्या जास्त म्हणजे गाठ बहुधा वेगाने वाढणारी. पण त्वचा, आतडी, अस्थिमज्जा यांत निरोगी पेशीही सतत विभागतात. त्यामुळे केवळ हा शब्द वाचून घाबरू नका. गाठीचा प्रकार आणि ग्रेड यांच्यासोबतच त्या आकड्याचा अर्थ लागतो, तो तुमच्या डॉक्टरांना विचारा. पॅक्लिटॅक्सेलसारखी औषधे गुणसूत्रांची हीच वाटणी अडवतात. केसांच्या मुळाशीही पेशी भराभर विभागत असतात, म्हणून उपचारात केस गळतात.