मेलिटाबाईंचा टीपकागद

आमच्या माटुंग्यात कॉफी पितळी फिल्टरमधून थेंबथेंब उतरते. हल्ली मात्र लेकीसुनांना गार पाण्यात मुरवायच्या कॉफीचं भांडं हवं असतं. कुठलं घेऊ, असं कुणी विचारलं की मला जर्मनीतल्या मेलिटा बेंट्झ आठवतात.

जन्म १८७३चा, ड्रेस्डेनमधला. तुमच्या-माझ्यासारखी गृहिणी. कॉफीतला गाळ आणि कडवटपणा त्यांना सोसवेना. मग काय, पितळी भांड्याला खिळ्याने भोकं पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद आत घातला आणि कॉफी नितळ उतरली! १९०८ मध्ये त्यांनी पेटंट कचेरीत नोंद केली आणि अवघ्या ७३ फेनिगवर, म्हणजे एका मार्काहूनही कमी भांडवलावर, कंपनी काढली. नवरा आणि मुलं मदतीला. पुढे कामगारांना पाच दिवसांचा आठवडा दिला. १९५० मध्ये त्या गेल्या.

तेव्हा मैत्रिणींनो, भांडं घेताना आधी गाळणी बघा. जाळी बारीक हवी आणि बाहेर काढून धुता आली पाहिजे. जाडसर पूड, गार पाणी, फ्रिजमध्ये बारा तास. एवढा खर्च नको असेल, तर घरातली काचेची बरणी आणि स्वच्छ सुती फडकं यावरही छान भागतं.